तिचं मला आलं की माझं तिला गेलं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे ३६ वर्षांचे, बीड जिल्ह्यातले, गावात कृषी सेवा केंद्र चालवतात. आषाढात त्यांच्या बायकोला अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली. तालुक्याच्या लेडी डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, तिचं थांबलं. पुढं पंधरा दिवसांत ह्यांना लिंगाच्या बोंडावर लाल पुरळ, कातडीखाली दह्यासारखा पांढरा थर, खाज, आणि कातडीला लघवीचा थेंब लागला की आग. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. लावली की दोन दिवसांत गार, सोडली की चौथ्या दिवशी परत. असं दीड महिना चाललंय. घरात कुजबुज झाली, बायको पंचमीला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. ते लिहितात, ‘माझं बाहेर काही नाही, देवाशप्पथ. मग हे तिच्याकडूनच आलं ना? आणि तिला कुठून आलं?’ अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ आहे. वडिलांना शुगर आहे, ह्यांचं स्वतःचं वजन चार महिन्यांत सहा किलो उतरलंय, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, ‘पण ते दुकानाच्या टेन्शननं असेल.’

मी त्वचा आणि गुप्तरोगाचा डॉक्टर. अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजात शिकलो आणि गेली बावीस वर्षं ह्याच भागात दवाखाना चालवतोय. भाऊ, तुमच्या पत्रातली कामाची ओळ ती शेवटचीच आहे. पण तुमचा जीव पहिल्या प्रश्नात अडकलाय, तो आधी सोडवतो. तो सुटल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही सांगता त्या खुणांवरून ही बुरशी दिसते. डॉक्टर तिला कॅन्डिडा म्हणतात, कुणी यीस्ट म्हणतं. न बघता शंभर टक्के सांगता येत नाही, पण लाल बारीक पुरळ, पांढरा थर आणि खाज हे तिन्ही एकत्र असलं की पहिलं नाव तिचंच येतं. ही बुरशी बाहेरून आणावी लागत नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, बाईच्या योनिमार्गात, कातडीच्या घडीत ती थोडीफार मुक्कामाला असतेच आणि काही करत नाही. तुम्ही बियाणं विकता, तुम्हाला चटकन कळेल. रानात तणाचं बी कायमच पडलेलं असतं, पण ते उगवतं वाफसा आला की. ओल, ऊब आणि खायला साखर मिळाली की ही बुरशी रातोरात फोफावते. बायकांमध्ये तर इतकी सर्रास की चार जणींतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होते. गरोदरपणात होते, सर्दीतापाला अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की होते, शुगर असली की होते. तुमच्या बायकोला आषाढाच्या आधी ताप, दात किंवा लघवीच्या त्रासासाठी कॅप्सूल चालू होत्या का, एवढं एकदा आठवून बघा. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणींची गोष्ट तिथंच सुरू होते.

म्हणून ‘तिला कुठून आलं’ ह्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘तिचं तिलाच’ एवढंच असतं. ही बुरशी गरमी-परम्याच्या, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या रोगांच्या, यादीत धरत नाहीत. कधीच कुणाशी संबंध न आलेल्या मुलीला होते, सत्तरीच्या विधवेला होते, तान्ह्या बाळाच्या तोंडात होते. हिच्यावरून बाईचं किंवा पुरुषाचं चारित्र्य ठरवणारा माणूस डॉक्टर असला तरी त्याचं ऐकू नका.

आता, नवराबायकोत ती इकडून तिकडं जाते का? जाते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिच्या अंगात बुरशी जोरात असताना संबंध आला तर ती तुमच्या कातडीवर येते. तोंडाने केलेल्या संबंधातूनही येऊ शकते. तुमच्याकडून तिच्याकडंही जाऊ शकते. पण येणं वेगळं आणि रुजणं वेगळं. ज्या बायकांना ही बुरशी झालीय त्यांच्यातल्या थोड्याच जणींच्या नवऱ्याला काही त्रास होतो. बाकीच्यांच्या कातडीवर ती आली तरी त्रास देत नाही. म्हणूनच बायकोला झाली की नवऱ्यालाही सरसकट गोळी द्या, असं आता कुणी सांगत नाही. नवऱ्यांना औषध देऊन बायकांना परत परत होणं कमी होतं का, हेही डॉक्टरांनी तपासून पाहिलंय, त्यात फरक पडलेला नाही. नवऱ्याला स्वतःला पुरळ-खाज असेल तर मात्र त्याचा इलाज करायचाच. तुमचं तसं आहे.

ह्यात एक बारकावा आहे. काही पुरुषांना संबंधानंतर तासाभरात बोंडावर लाली येते, आग होते, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप जाते. ही बुरशी रुजलेली नसते. तिच्या अंगातल्या बुरशीची ह्याच्या कातडीला आलेली ती ॲलर्जी असते. अशा वेळी नवऱ्याला मलम लावत बसून उपयोग नाही, तिचा इलाज नीट झाला की त्याचं थांबतं. दीड महिना टिकणारं तुमचं दुखणं ह्यातलं नाही.

संडासातून, एका टॉवेलमुळं, धुण्याच्या पाण्यातून झाली असेल, असं सांगून सुटका करून घेणारेही भेटतात. कमोडवरून ही बुरशी येत नाही. टॉवेल वेगळा ठेवावा, चांगलंच आहे, पण घरातल्या भांडणाचं उत्तर टॉवेलमध्ये सापडणार नाही.

पांढरं जाण्याविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण बीड जिल्ह्यात हा विषय साधा राहिलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. तिथं आंघोळीला आडोसा नाही, पाळीचं कापड उन्हात वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेल्या, आणि ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं ऐकून गर्भपिशवी काढून आल्या, अशा तिशीतल्या बाया मी स्वतः पाहिल्यात. २०१९ मध्ये ह्यावर आरडाओरडा झाला, सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या कितीजणींना नुसती बुरशी होती, कुणास ठाऊक. शंभर-दोनशे रुपयांत, हप्ताभरात आटोपणारं हे दुखणं आहे. तुमच्या बायकोला योग्य डॉक्टर भेटल्या, ही साधी गोष्ट नाही.

सगळंच पांढरं जाणं बुरशीचं नसतं. दह्यासारखं घट्ट, वास नसलेलं आणि खाज असलेलं पांढरं बहुधा बुरशीचं. पातळ, करडं, माशासारखा वास येणारं असेल तर ते जंतूंचं, आणि तिथं गणित उलटं आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात त्या दुखण्यासाठी नवऱ्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तर बायकोचं उलटणं बरंच कमी झालं. हिरवट, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची शंका घेतात, त्यात दोघांनाही औषध द्यावंच लागतं. म्हणून शेजारणीच्या गोळ्या हिला चालत नाहीत. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथं ही तपासणी आणि औषध फुकट मिळतं. पाटी बघून लाजू नका. आत बसलेल्यांना दिवसभर हेच काम असतं.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडं येतो.

दोन वर्षांमागं, एप्रिलमध्ये, परभणीकडचे एक शेतकरी आले होते, पंचेचाळीशीचे. बायको सोबत, पण ती दाराजवळच्या स्टुलावर, भिंतीकडं तोंड करून बसलेली. ते बसता बसता म्हणाले, ‘हिचंच मला झालंय डाक्टर. चार महिने झाले, खाजायलंय.’ तपासलं. बोंडावरची कातडी मागं घेताना ते कळवळले. कातडीच्या कडेला उभ्या बारीक चिरा, पाच-सहा, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. बाकी पुरळ थोडंच होतं. मी ब्लेडच्या बोथट बाजूनं हलकंसं खरवडलं, काचेवर घेतलं, पोटॅशचे दोन थेंब टाकले, दहा मिनिटं थांबलो आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. मला दिसलं ते त्यांनाही दाखवलं. मी नेहमी दाखवतो, कारण माणसाचा डोळ्यावर जितका विश्वास बसतो तितका माझ्या बोलण्यावर बसत नाही. ते एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘कणसावानी दिसायलंय. दांड्याला दाणे.’ बरोबर. ते दांडे बुरशीचे धागे आणि ते दाणे तिच्या कळ्या.

मग त्यांना एका बाटलीत लघवी आणायला सांगितली. पट्टी बुडवली. निळसर हिरवा चौकोन अर्ध्या मिनिटात चॉकलेटी झाला. बोटाला टोचून शुगर बघितली तर ३४२. त्यांना शुगर आहे हे त्यांना त्या दिवशी, माझ्याकडं, खाजेमुळं कळलं. मी समजावून सांगितलं, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत सांडायला लागते. पुढची कातडी झाकलेली असलेल्या पुरुषात लघवीचा थेंब त्या घडीत राहतो. म्हणजे ओल, ऊब आणि साखरेचं पाणी, चोवीस तास. तिथं बुरशी कुणी आणून टाकायची गरज नाही. ते ऐकून दाराकडून आवाज आला, ‘म्हंजे माझ्यामुळं नाही?’ ती बाई चार महिने हे ऐकत होती. त्यानंतर ते दोघं बराच वेळ एकमेकांशी बोलले नाहीत, मी पण चिठ्ठी लिहीत बसलो.

पुरुषाला बुरशी झाली, आणि त्यातही कातडीला चिरा पडल्या, की आमच्या धंद्यात पहिला प्रश्न ‘कुणाकडं गेला होतास’ हा नसतो. पहिला प्रश्न ‘शुगर बघितली का’ हा असतो. तुमच्या वडिलांना शुगर आहे, वजन उतरलंय, रात्री उठावं लागतंय, बुरशी उलटतेय. दुकानाच्या टेन्शननं वजन उतरत असेलही, पण टेन्शनला लघवी तपासून धरता येत नाही, शुगरला येतं. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्या आणि सोबत ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात ती एचबीएवनसी करा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची ६.५ किंवा जास्त निघाली तर तो मधुमेह धरतात. छत्तीसाव्या वर्षी कळली तर खरं सांगायचं म्हणजे ह्या खाजेनं तुमच्यावर उपकारच केले.

ज्यांची शुगर आधीच चालू आहे त्यांच्यासाठीही इथंच लिहितो. ‘फ्लोझिन’नं शेवट होणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, मुद्दामच साखर लघवीतून बाहेर काढतात. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला फायद्याच्या आहेत. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर ती स्वस्त झाली आणि तालुक्यातालुक्यात पोचली. तेव्हापासून माझ्याकडं अशी बुरशी घेऊन येणारे काका वाढलेत. नातू-पणतू असलेला माणूस हळू आवाजात ‘बाई-बिई काही नाही हो’ म्हणतो तेव्हा मी आधी त्याच्या गोळ्यांची पिशवी उघडतो. ती गोळी मनानं बंद करू नका. लघवीनंतर पाण्यानं धुवून कोरडं करण्याची सवय लावा, आणि त्रास उलटत असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. मात्र मधुमेहात अंडकोशाच्या भोवती सूज, फार वेदना, ताप, कातडी काळी पडणं, ह्यातलं काही दिसलं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. ते दुखणं क्वचित होतं, पण उद्यावर टाकण्यासारखं नाही.

आता ती ट्यूब. नाव तुम्ही लिहिलं नाही, पण ‘लावली की दोन दिवसांत गार, सोडली की परत’ ह्यावरून मी ओळखतो. त्यात तीन-चार औषधं एकत्र असणार. बुरशीचं एक, जंतूंचं एक आणि क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड. खाज गार करतं ते स्टेरॉइड. ते लाली पुसून टाकतं, बुरशीला मारत नाही. उलट कातडीची राखण करणारी फौजच झोपवतं. बोंडावरची कातडी पापणीइतकी पातळ असते. तिथं महिनाभर हे चोळलं की ती कागदासारखी होते, शिरा दिसायला लागतात, हात लागला तरी आग होते. पुढं मग माणूस बुरशीसाठी नाही, ट्यूबनं केलेल्या आगीसाठी येतो. स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा सरकारचा नियम २०१८ मध्ये आला. मेडिकलमध्ये काय चालतं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. जांघेतल्या गजकर्णाची आज महाराष्ट्रात जी अवस्था झालीय, वर्ष वर्ष हटत नाही, ती करण्यात ह्या ट्यूबांचा मोठा हात आहे.

मग काय लावायचं? साधं क्लोट्रिमॅझोल एक टक्का, दुसरं काही न मिसळलेलं. डब्यावर एकच औषधाचं नाव हवं. दिवसातून दोनदा, कातडी मागं घेऊन, धुवून, कोरडं करून, पातळ थर. ढीग लावू नका, ढिगाखाली ओल राहते. एरवी तिसऱ्या दिवशी खाज जाते, तिथंच बहुतेक जण सोडतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. तुमचं दीड महिन्याचं आहे, चौदा दिवस पूर्ण करा. तुम्हाला मात्र पहिले दोन-चार दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल, कारण स्टेरॉइड सुटलेलं असेल. घाबरून जुनी ट्यूब परत काढू नका.

फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळीही देतात. बऱ्याच जणांना एकच पुरते. पण ती मनानं घेऊ नका, विशेषतः तुम्हाला शुगर निघाली आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू झाली तर. ही दोन्ही एकत्र आली की साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावं. आणि गरोदर बाईला तोंडानं ही गोळी द्यायची नाही, तिला आत ठेवायचीच औषधं, सात दिवस.

धुण्याबद्दल. साधं पाणी, दिवसातून एकदा-दोनदा. साबण नको, वासाचा तर मुळीच नको. डेटॉल हा शब्द काढला की मला एक तरणा पोरगा आठवतो, त्यानं झाकणभर डेटॉल पाणी न घालता तसंच लावलं होतं. बुरशी राहिली बाजूला, भाजल्याचा इलाज करावा लागला. तुरटी, लिंबू, लसूण, दही, कडुलिंबाचा पाला, हे सगळं कुणी ना कुणी लावून आलेलं मी पाहिलंय. खोबरेल तेलानं निदान नुकसान होत नाही, पण बुरशीही जात नाही. कातडी मागं घेतली की धुऊन झाल्यावर पुन्हा पुढं आणायची, हे विसरू नका. मागंच राहिली आणि सुजली तर फास बसतो आणि रात्रीतून दवाखाना गाठावा लागतो. कातडी मागं जातच नसेल तर ओढाताण करू नका.

टंचाईच्या महिन्यांत, टँकरच्या पाण्यावर घर चालतं तेव्हा, दिवसातून दोनदा धुवा असं सांगताना मलाच कसंतरी वाटतं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी लोकांना सांगायचो, तांब्याभर पाणी पुरे आहे, फक्त नंतर कोरडं करा. आजही तेच सांगतो. पाणी किती वापरलं त्यापेक्षा कोरडं किती केलं हे महत्त्वाचं. रात्रीच्या लाईटीवर रानाला पाणी देऊन ओल्या कपड्यात तसाच झोपणारा माणूस दहा वेळा धुतला तरी बरा होत नाही. चड्डी सुती, सैल, उन्हात वाळलेली. जीन्सला महिनाभर सुट्टी द्या. तुम्ही दुकानात दिवसभर रेग्झिनच्या खुर्चीवर बसत असाल तर तिच्यावर एक सुती पंचा टाका.

संबंध कधी? दोघांचीही खाज-लाली जाऊन औषध संपेपर्यंत थांबा, म्हणजे साधारण दोन आठवडे. त्याचं कारण बुरशी एकमेकांकडं जाण्यापेक्षा हे जास्त आहे, की चिरलेली कातडी घासली की परत फाटते. निरोधवर विसंबणार असाल तर एक ध्यानात ठेवा, ह्या मलमांतल्या तेलकट पदार्थानं रबर कमजोर होतं. मलम लावलेल्या दिवसांत तो फाटू शकतो, पाळणा लांबवायचा असेल तर दुसरी सोय बघा. तुमच्या बायकोला आता काही त्रास नसेल तर तिला पुन्हा औषध लागत नाही. खाज, पांढरं परत आलं असेल तर तिनंही दाखवावं, आणि वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं असेल तर तिचीही शुगर बघावी. दोघं एकदमच दवाखान्यात गेलात तर कुणाचं काय हे डॉक्टर दोघांसमोर सांगतील, ते घरातल्यांच्या सांगण्यापेक्षा बरं.

बुरशीसारखं दिसणारं पण बुरशी नसलेलं पुष्कळ असतं. एकच गृहस्थ माझ्याकडं तीनदा आले, दर वेळी बोंडावर त्याच जागी रुपयाएवढा काळपट-लाल चट्टा, आग. आधीच्या दवाखान्यात दर वेळी बुरशी समजून त्यांच्यासोबत बायकोलाही औषध दिलेलं. तिसऱ्यांदा मी विचारलं, हे व्हायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं? आठवून आठवून सांगितलं, जुलाबाची गोळी. तिन्ही वेळेला तीच. ती औषधाची ॲलर्जी, दर वेळी त्याच जागी उठते, आणि लिंग ही तिची लाडकी जागा. गोळी बंद, चट्टा बंद. बायकोला तीनदा फुकट औषध.

बारीक पाण्याच्या फोडांचा घोस, आणि आधी चुणचुण झाली असेल तर ती नागिणीच्या जातीची हर्पिस. न दुखणारा, कडक कडेचा एकच व्रण असेल तर गरमीची तपासणी करायची. मूत्रमार्गातून पू येत असेल तर तो परमा असू शकतो, बुरशीला तसा पू येत नाही. ह्या तिन्हींत जोडीदाराचा विषय येतो आणि तिथं खरं बोलावंच लागतं. जांघेत गोल, कडेनं पसरणारा चट्टा असेल तर ते गजकर्ण. ते बहुधा अंडकोश सोडून देतं, बुरशी सोडत नाही. आणि पन्नाशीच्या पुढं एखादी गाठ, जखम किंवा लाल चट्टा महिनाभर औषधानं हलत नसेल तर त्याचा तुकडा काढून तपासायला द्यावा लागतो. लाजेपायी वर्ष काढून, कॅन्सर पुढं गेल्यावर आलेले लोक आम्ही बघतो, आणि ते बघणं सोपं नसतं. बुरशी तोंडातही आली, किंवा शुगर नसताना परत परत होऊ लागली, तर एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट आणि गुप्त असते, १०९७ वर फोन करून आधी विचारताही येतं.

तुम्ही मात्र इतकं लांबचं आज मनात आणू नका. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन जवळच्या त्वचारोगाच्या डॉक्टरकडं. अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरच्या घाटी ह्या सरकारी दवाखान्यात गेलात तर ओपीडीत केसपेपरच्या पैशात होईल, रांग मोठी असते, डबा घेऊन जा. ते दोन दिवस कुठलंही मलम लावू नका, नाहीतर काचेवर काही दिसणार नाही. जाताना ती जुनी ट्यूब खिशात टाका, दाबून दाबून संपली असली तरी. तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं की डॉक्टरांना तुमच्या दीड महिन्याचा हिशेब लागेल.